थोरली पाती

“मूळ गाव कोनतं?” हा त्यांचा पहिला प्रश्न असे. गाव सांगितलं की ते चष्मा कपाळावर सारत, डोळे बारीक करून समोरच्याकडे पाहत आणि म्हणत, “हे नाई. याच्या आंधीचं सांगा.”

आधीचं गाव कोणाला माहीत असतं? तुम्हाला आहे? मला तर नाही. माझे आजोबा किराणा विकायला इकडे आले. कुठून आले ते त्यांनी सांगितलं नाही आणि आमच्या घरात त्यावाचून कोणाचं अडलंही नाही. पण मी असं म्हटलं की ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायचे, जणू मला कोणीतरी जत्रेतून उचलून आणलं होतं.

समुद्रपूरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून गाव त्यांना चौकशीकाका म्हणायचं. मीही तेच म्हणतो. एखादी बाई खिडकीशी येऊन विचारायची, “हिंगणघाटची गाडी केवा हाये जी?” हे उलट विचारायचे, “माहेर कोनतं तुमचं?” बाई बिचारी माहेर सांगायची, बापाचं नाव सांगायची, मामाचं सांगायची, आणि तेवढ्यात हिंगणघाटची गाडी तिच्या पाठीमागून निघून जायची. काका मात्र खूश. जाताना तिला म्हणायचे, “तुमच्या मामाचं घरानं पक्कं हाये.”

निवृत्त झाले आणि ही सगळी चौकशी समोरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसली. मशीनशेजारच्या स्टुलावर ते सकाळीच बूड टेकायचे. पिशवीत जुन्या खानेसुमारीच्या याद्यांच्या नकला, लग्नांच्या नोंदी, कोणाकोणाच्या घरातून मागून आणलेले फाटके कागद. तहसीलच्या रेकॉर्डरूममधला शिपाई त्यांना लांबून पाहिलं की चहाला निघून जायचा. माझी ती सोय नव्हती. लोक दाखल्यांसाठी धावत यायचे, त्यांना घाई असायची, आणि हे त्यांच्या हातातला कागद ओढून घेऊन त्यांच्या आज्याचं वय तपासत बसायचे.

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. गावातले टवाळ म्हणत, “पुढं कोनी नाई म्हून हा मांगं पाह्यते.” हे बोलणं दुष्टपणाचं होतं. मी ते ऐकून हसलो आहे, एकदा नाही, बऱ्याचदा.

आता एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही विचाराल. राज्य मिळवायचं होतं का? वाडा? शेती? छे. त्यांना पोळ्याचा मान हवा होता.

त्यांचं गाव समुद्रपूरहून फार लांब नाही. तिथे पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी जाते ती त्यांच्या घराण्यातल्या थोरल्या पातीची, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाची. सोनबा आणि उकंडा असे दोन भाऊ होऊन गेले. सोनबाची पाती थोरली, उकंडाची धाकटी, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलं. सोनबाचा पणतू नारायण गावातच शेती करायचा. उकंडाचा पणतू म्हणजे आमचे चौकशीकाका. लहानपणी एका पोळ्याला ते हौसेने बापाचे बैल घेऊन पुढे घुसले, तर कोणीतरी कासरा धरून त्यांना सगळ्यांदेखत मागे ओढलं, “धाकट्या पातीचे हा ना, मांगं उभे राहा.” बस, तेवढंच. माणसं पोरपणी पडतात, आपटतात, विसरतात. या माणसाने ते फुटलेल्या गुडघ्यासारखं आयुष्यभर कुरवाळलं.

“सोनबा थोरला, याले पुरावा काय?” ते मला विचारायचे. “समदे म्हन्तेत म्हून थोरला? कागद कुठी हाये?”

जुन्या खानेसुमारीत दोघा भावांची नावं सापडली तेव्हा काकांनी मला पेढा दिला. मग वयाचा रकाना वाचला आणि पेढा परत मागतात की काय असं तोंड केलं. दोघांचं वय एकच लिहिलेलं. त्या काळी मोजायला आलेला कारकून काय करणार? वीस, तीस, चाळीस, नाही तर म्हातारा. अंदाजपंचे सगळा कारभार. पण काका खचले नाहीत. त्यांनी नवीन युक्ती काढली. थोरल्याच्या आधी धाकट्याचं लग्न आपल्याकडे कोणी करत नाही. म्हणजे ज्याचं लग्न आधी, तो थोरला.

दोघा भावांच्या बायका केळझरच्या बाजूच्या. तिथल्या एका जुन्या जोशांच्या घरात लग्नांच्या नोंदी होत्या. मला दुकान बंद करायला लावून, माझ्याच मोटरसायकलवर मागे बसून काका केळझरला आले. वाटेत गणपतीला थांबले, तेही देवाला आपला हेतू समजावून सांगायला. जोशांच्या ओसरीवर मोडी वाचणारा म्हातारा नोंदी वाचत होता आणि काका त्याच्या बोटाखालची ओळ पाहत बसले होते. उकंडाचं लग्न आधी निघालं. सोनबाचं त्यानंतर काही वर्षांनी.

परत येताना ते मागे बसून रडत होते. मला वाटलं डोळ्यात धूळ गेली, म्हणून मी गाडी थांबवली. “चाल तू,” म्हणाले, “माह्या बापाले सांगून राह्यलो.” बाप मरून जमाना झाला होता.

मग गावात मारुतीच्या पारावर सभा. काकांनी प्रत्येकाच्या हातात एकेक झेरॉक्स दिली. गावातल्या लोकांना पाण्याच्या टाकीचं बोलायचं होतं, पण शिक्का असलेला कागद पाहिला की आपल्याकडे माणूस गप्प बसतो. सरपंच म्हणाले, कागदात आहे तर आहे. नारायण मागच्या बाजूला उकिडवा बसला होता. त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं? तो म्हणाला, “मले वाचता येते, पन आज चश्मा नाई आनला. दादा म्हन्ते तर असन.” काका वयाने मोठे, म्हणून तो त्यांना दादा म्हणायचा.

अशा रीतीने बसस्टँडच्या खिडकीत जन्म काढलेला माणूस थोरल्या पातीचा धनी झाला. बैल मात्र त्याच्याकडे एकही नव्हता.

त्या वर्षीचा पोळा मी पाहिला, कारण फोटो काढायला मला नेलं होतं. काकांनी जाम गावाहून भाड्याची जोडी पिकअपमध्ये घालून आणली. स्वतः पांढरं धोतर, गुलाबी फेटा. कासरा असा दोन बोटांनी धरलेला, की बैलाने मान हलवली तरी हे वीतभर उडत. ढोल वाजला आणि उजवा बैल बिथरून मागेच सरायला लागला. जोडीचा खरा मालक पुढे येऊन ओढतोय, काका मागून “चाल रे राजा” म्हणून विनवतायत, आणि तोरण डोक्यावर लोंबतंय. पोळ्याची कवनं, झडत्या, म्हणणाऱ्या पोरांना आणखी काय पाहिजे? एकाने तिथल्या तिथे रचून म्हटली:

“बैल आले भाड्यानं, मान आला कागदानं,
धनी चाले मांगं मांगं, बैल पाहे रागानं!”

सगळं गाव हसलं. मीही हसलो आणि तेवढ्यात फोटो हलला. काका हसत नव्हते. ते गर्दीत कोणाला तरी शोधत होते.

नारायण आलाच नव्हता. त्याच्या दाराला कडी होती. आठवड्याच्या बाजारात त्याने जोडी विकून टाकली, असं कोणीतरी सांगितलं. मागे उभं राहण्यापेक्षा न उभं राहिलेलं बरं, असं तो म्हणाला म्हणे. दोन्ही बैल त्याने वासरं असल्यापासून शिकवले होते. काका ते ऐकून म्हणाले, “त्याचा तो जाने,” आणि फेटा सारखा करत बसले. त्या क्षणी मला त्यांचा मनापासून राग आला. फेट्यासकट उचलून पिकअपमध्ये घालावं असं वाटलं.

इथवर गोष्ट असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. असले हट्टी लोक गावोगाव आहेत. पण काकांची खाज जिंकून मिटली नाही. दिवाणखान्यात लावायला त्यांना वंशावळीचा मोठा फ्लेक्स करायचा होता. त्यात उकंडाची बाजू भरगच्च आणि सोनबाची बाजू मोकळी मोकळी दिसायला लागली. दुसरा कोणी म्हणाला असता, राहू दे मोकळी. हे पुन्हा पिशवी घेऊन निघाले. हिंगणघाटकडच्या कुठल्याशा गावातून चार दिवसांनी परतले आणि एक कागद माझ्या काचेवर ठेवला.

सोनबाचं आणखी एक लग्न सापडलं होतं. उकंडाच्या लग्नाच्याही आधीचं. ती पहिली बायको वारली असावी. केळझरची नोंद दुसऱ्या लग्नाची होती. म्हणजे काकांच्याच हिशेबाने सोनबा थोरला. गाव म्हणत होतं तेच खरं.

दुकानात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “काका, फाडून टाका. कोनाले समजते?”

त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि मला नीट पाहून घेतलं. “तुह्या दुकानात कागदाचे दोन होतेत,” ते म्हणाले, “मले दोन पाहिजे. एक नारायनाले, एक गावाले.”

मी मशीन चालू केलं. या माणसाला मी मूर्ख म्हणायचो आणि आजही म्हणतो. पण त्या दिवशी त्याच्यासमोर मी फार लहान दिसत असणार.

नारायणच्या घरी आम्ही दुपारी गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं. काकांनी पाण्याला हात न लावता कागद पुढे केला आणि शाळेतल्या पोरासारखं उभं राहून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “तू थोरला. मान तुहा. माहं चुकलं.”

नारायणने कागद पाहिला नाही. “दावन पाह्य ना दादा,” तो म्हणाला.

गोठ्यात दोन मोकळी दावी पडली होती. शेणाचा वाससुद्धा राहिला नव्हता.

“दुसरी जोडी आन. म्या देतो आनून.”

“आता या वयात गोऱ्हे शिकवू काय मी? ट्रॅक्टरवाल्याले सांगतलं हाये, तो वखरून देते.” मग एक दावं उचलून खुंटीला अडकवत म्हणाला, “मी काई भांडलो होतो काय तुह्यासंग? तुले पुढं जाचं होतं तं मले म्हनाचं होतं. माहेच बैल तुह्या हाती देल्ले असते.”

काका खाली बसले. नारायणच्या बायकोने पाण्याचा पेला पुन्हा पुढे केला, तेव्हा त्यांनी तो घेतला आणि हातात तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हा पाण्याच्या टाकीचं काम सुरू झालं होतं, लोक त्या गडबडीत होते. चारदोन म्हाताऱ्यांनी ऐकलं आणि मान हलवली. त्यानंतरच्या पोळ्याला काका गावात गेले नाहीत. माझ्या दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काहीही विचारायचे नाहीत. लोकांची कामं भराभर होऊ लागली. मला त्याचा कंटाळा यायला लागला, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

थंडीत ते गेले. झोपेतच. काकूंनी सांगितलं, गावाला न्या, तिथंच त्यांचे सगळे आहेत. आम्ही नेलं.

त्यांच्या जुन्या घरासमोर तिरडी बांधून झाली आणि विस्तवाचं मडकं धरून पुढे कोण चालणार, यावर गाडी अडली. मूल नाही. भावकीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोणाला गुडघ्याचा त्रास होता, कोणाच्या घरी लग्न धरलेलं होतं. आयुष्यभर ज्याने या सगळ्यांचे आजे-पणजे हुडकून कागदावर मांडले, त्याच्यासाठी त्यातला एकही हात पुढे येईना. माझ्या तोंडात शिवी आली होती.

तेवढ्यात नारायण शेतातून आला. पायाला माती तशीच. त्याने बाजूला ठेवलेलं मडकं उचलायला हात घातला, तर पारावर कागद ऐकलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक पुढे झाला.

“नारायना, तू थोरल्या पातीचा. थोरल्यानं धाकट्याले अग्नी द्याचा नसते. तू थोरला, हे त्यानंच तं वाचून दाखवलं होतं.”

नारायण वाकलेला होता. तसाच थांबून त्याने तिरडीकडे पाहिलं.

“तो दादा हाये माहा,” तो म्हणाला. “मी धाकटा हाओ.”

त्याने मडकं उचललं, धूर डोळ्यात गेला म्हणून तोंड जरा वळवलं, आणि पुढे चालायला लागला. आम्ही खांदा दिला आणि त्याच्या मागे निघालो.