मॉनिटरवरचे शंभर

गणेशचवथीची आठ दिवसांची रजा संपवून ड्युटीवर आले, तर मॉनिटरवर शंभर. बाळ बाराशे ग्रॅमचं, दहा आठवडे आधी जन्मलेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी गोव्यात डिचोलीतल्या एका खाजगी इस्पितळात नवजात विभागाची सिस्टर. रजेवर जाताना बाळाला अठ्ठावीस टक्के ऑक्सिजन होता आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा त्र्याण्णव. तेवढाच हवा असतो. साध्या हवेत एकवीस टक्के असतो. आता ब्लेंडर, म्हणजे हवा आणि ऑक्सिजन मिसळणारं यंत्र, साठवर. वरच्या मर्यादेचा अलार्म बंद.

"कोणी वाढवला?"

"डॉक्टरसरांनी," ज्युनियर सिस्टर म्हणाली. "आजी काचेतून आकडा बघते. कोविडात तिच्या घरी बोटाला लावायचं मशीन होतं. त्र्याण्णव दिसलं की रडते."

मी ऑक्सिजन हळूहळू उतरवायला घेतला. लगेच काचेवर टकटक. बाळाची आजी, लाटंबार्सेची.

"सिस्टर, काल शंभर आशिल्ले. तुमी आयल्यात आनी उणें कित्याक जालें?"

तिचा काय दोष? कमी आकडा म्हणजे मरण, हे तिला कोविडानं शिकवलेलं. राग आला तो सरांचा. त्यांना सगळं ठाऊक होतं.

ऑक्सिजन जादा झाला की पेशीत त्याचे काही कण बिथरतात. ते फ्री रॅडिकल. त्यांना एक इलेक्ट्रॉन कमी पडतो, म्हणून ते शेजाऱ्याचा ओरबाडतात, शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. त्यांना आवरण्याची ताकद अपुऱ्या दिवसांच्या बाळात आलेलीच नसते. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्याही अजून वाढत असतात. जादा ऑक्सिजननं त्या थांबतात, मग वेड्यावाकड्या फुटतात आणि पडदा ओढून काढतात. बाळ आंधळं होऊ शकतं.

तडक सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, साठ टक्के?"

"शंभर दिसलं की नातेवाईक शांत बसतात, सिस्टर."

"आणि डोळे?"

"डिस्चार्जनंतर दाखवतील ना कुठेतरी."

डिस्चार्जनंतर! तपासणी जन्मानंतर चौथ्या आठवड्यात व्हायला हवी, आणि चौथा आठवडा तोच होता.

"उद्या डोळ्यांचे डॉक्टर आले नाहीत, तर मी बाळाच्या आईला सगळं सांगेन."

"नोकरी करायची आहे ना तुम्हाला?"

"करायची आहे. म्हणूनच आले."

उद्याची वाट मी पाहिलीच नाही. बाहेर येऊन आई आणि आजी दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं, त्र्याण्णव म्हणजे उत्तम, शंभर म्हणजे डोळ्यांशी खेळ. आजी घाईघाईनं उठली.

"मगीर उणें कर गो तें! बेगीन!"

त्या दिवसापासून आजी काचेबाहेर स्टूल टाकून बसली. आकडा पंचाण्णवच्या वर गेला की ओरडायची, "सिस्टर, सत्याण्णव जालें!" अलार्म मी पुन्हा चालू केला होता, पण त्याच्यापेक्षा तीच बरी होती.

डोळ्यांचे डॉक्टर आले. रक्तवाहिन्या वाकड्या फुटू लागल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी लेझर केलं. नजर वाचली. मुलगी आता तीन वर्षांची आहे, जाड चष्मा लावते आणि आजीचा हात सोडून पायऱ्या उतरते.

वरच्या मर्यादेचा अलार्म आता कोणी बंद करत नाही. पण तिची जुनी फाइल मी एकदा काढून पाहिली. माझ्या रजेतल्या आठ दिवसांच्या तक्त्यावर तासातासाला शंभर, शंभर, शंभर. खाली सरांच्या अक्षरात शेरा आहे : व्हेरी गुड.