आधी पेरलेला घेवडा

सियाया गावाजवळच्या त्या दोन सवतींच्या घरात हंगामाचं पहिलं बी थोरल्या बायकोनेच मातीत टाकायचं. धाकटीने घाई केली तर तिच्या अंगावर शाप बसतो. धाकट्या अविनोला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी थोरली रिस्पा भावाच्या मयताला गेली आणि इकडे जमीन मऊ झाली, तेव्हा या बाईने झोपडीमागे मूठभर घेवडा पेरलाच. पुढे एकदा अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. हाच तो शाप, असं तिने धरलं. आता गाठ दाखवायची, तर घेवडाही कबूल करावा लागणार! बिचारी मूग गिळून गप्प बसली आणि शाप उतरवणारा कडू काढा चोरून पिऊ लागली.

काढ्याचा वास लपतो होय? रिस्पाने तिचा कप नाकाशी नेला.

"हे कशासाठी ढोसतेस गं?"

अविनोने रडत रडत गाठ दाखवली. घेवड्याचं नाव मात्र काढलं नाही.

"गाठीवर काढा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ऊठ, चपला घाल."

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही स्तन आणि काखा हाताने तपासल्या, सोनोग्राफी केली, जागा बधिर करून सुईने गाठीचा बारीक तुकडा काढला.

"तुझ्या वयात बहुतेक गाठी साध्या असतात," त्या म्हणाल्या, "पण तपासल्याशिवाय मी तसं सांगणार नाही."

अहवाल येईपर्यंत अविनो ताट तसंच बाजूला सारायची.

"खा! उपाशी राहून गाठ विरघळत नसते," रिस्पा रोज फणकारायची.

अहवाल आला. कॅन्सर नव्हता! गाठ साधीच होती, कापायची गरज नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची, मध्येच वाढली तर लगेच यायचं. अविनोला इतकं हलकं वाटलं की इस्पितळाच्या पायरीवरच तिने सगळं सांगून टाकलं. थोरलीला ती मानाने मिकायी म्हणायची.

"मिकायी, घेवडा मी आधी पेरला होता."

"माहीत आहे. माझं बी पोत्यात होतं, तेव्हा तुझे वेल कुंपणावर चढले होते. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, येईल आपणहून सांगायला." रिस्पा हसली आणि लगेच गंभीर झाली. "आणि तू माझ्या धाकाने गाठ लपवलीस! काही वेडंवाकडं निघालं असतं, तर मी काय केलं असतं गं?"

संध्याकाळी रिस्पाने त्याच वेलांच्या शेंगा तोडून शिजवल्या. अविनो मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचं ताट पुढ्यात घेऊन बसली, पण शेंगांना हात लावायला धजेना. मग रिस्पाने पहिला घास स्वतःच्या तोंडात टाकला.

"झालं, पहिली मीच. आता जेव मुकाट्याने."