खापरखेड्याचे फोटो

बाबांचा कंप्युटर बंद पडला त्याच आठवड्यात त्यांचे खापरखेड्याचे मित्र वारले. वीज केंद्रात दोघांनी एकाच शिफ्टमध्ये नोकरी केली होती आणि कॉलनीत भिंतीला भिंत लागून संसार केला होता. मी त्यांना काका म्हणायची. घाटावरून आल्यावर बाबांनी अंघोळ केली आणि नागपुरात मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत जाऊन बसले. चहा ठेवला, तो तसाच गार झाला. संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"भाऊजी, यांचा एखादा चांगला फोटो असन ना तुमच्याजवळ? आमच्याकडे आधार कार्डाचाच आहे. त्यात ते कसे दिसते, तुम्हाले त माहीतच आहे."

"आहे ना वहिनी. खिंडसीच्या सहलीतला आहे. मस्त हसून राहिला त्यात. तेरवीच्या आधी मोठा करून आणून देतो," बाबा म्हणाले.

कॉलनीत कॅमेरा होता तो बाबांकडे. बारसं असो, गणपती असो, क्रिकेटचा सामना असो, बाबा ड्यूटीवरून येऊन कपडे बदलून कॅमेरा गळ्यात अडकवून हजर. चिमणीची राख बसून करडी झालेली झाडं, त्या झाडांखाली नव्या साड्या नेसून उभ्या राहिलेल्या बाया, कोणाच्या तरी स्कूटरवर बसून फोटो काढून घेणारी पोरं. रिटायर झाल्यावर त्यांनी एकेक फोटो स्कॅन करून कंप्युटरमध्ये घातला. पुढे स्लॅबमधून पाणी झिरपलं आणि माळ्यावरचे अल्बम, निगेटिव्ह सगळं एकमेकांना चिकटून गेलं. तेव्हा बाबांना फारसं वाईट वाटलं नव्हतं. "कंप्युटरात आहे ना सारं," म्हणाले.

तो कंप्युटर भावाने घेऊन दिलेला. पुण्याला नोकरी लागली तेव्हा. दर वेळी यायचा तेव्हा म्हणायचा, "पुढच्या खेपेला या सगळ्याची कॉपी करून ठेवतो." पुढची खेप यायची, जायची.

आता बटण दाबलं की काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, सिस्टिम सापडत नाही म्हणून. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं, "फॉर्मेट मारावा लागेल मॅडम. आतलं सगळं जाईल." मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

मी शाळेत भूगोल शिकवते. कंप्युटर शिकवणारी माझी मैत्रीण आहे, तिला मधल्या सुट्टीत विचारलं. ती म्हणाली, "कोणाले हात लावू देऊ नको. स्वतःच सुरू होणारी एक डिस्क बनव. मशीन त्या डिस्कवरून सुरू होते, आतल्या हार्ड डिस्कले धक्का लागत नाही. मग फोटो काढून घे बाहेर." पेनड्राइव्हवरून सुरू होण्याइतका तो कंप्युटर नवा नव्हता. डीव्हीडीच पाहिजे होती.

कोरी डीव्हीडी शोधायला सीताबर्डी पालथी घातली. "आता कोण घेते मॅडम?" हेच सगळीकडे. शेवटी एका दुकानदाराने स्टुलावर चढून धूळ खाल्लेला एक डबा काढून दिला. माझ्या लॅपटॉपला डिस्कची खाचच नाही, म्हणून मैत्रिणीचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर आणला. फाइल डाउनलोड केली आणि गाणी टाकतात तशी डिस्कवर टाकून दिली. बाबांच्या कंप्युटरने ती डिस्क थोडी फिरवली आणि पुन्हा तोच काळा पडदा दाखवला.

मैत्रीण फोनवर हसली. "फाइल ठेवायची नसते गं. ती इमेज आहे, अख्ख्या डिस्कची घडी करून ठेवल्यासारखी. इमेज म्हणून बर्न कर, म्हणजे ती डिस्कवर उलगडते."

दुसरी डिस्क नीट झाली. मशीन सुरू होताना एक की दाबून धरायची, सेटिंगच्या निळ्या पाटीवर जायचं आणि आधी डिस्क बघ, हार्ड डिस्क नंतर, असं त्याला सांगायचं. बाबा खांद्यावर टॉवेल टाकून माझ्या मागे उभे होते. डिस्क घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. मग एक अनोळखी पडदा उघडला आणि त्याच्या कोपऱ्यात हार्ड डिस्कचं चित्र. मी ते उघडलं. बाबांनी दिलेली सगळी नावं जिथल्या तिथे होती. बारसे. गणपती. सहल खिंडसी.

काका तलावाच्या काठावर बसले होते. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात अर्धं सोललेलं संत्रं, तोंड भरलेलं आणि तशात हसू आलेलं.

"पाह्य, कसा येड्यावानी हसून राहिला भैताड," बाबा म्हणाले आणि काचेवर बोट ठेवून उभे राहिले. काका गेल्यापासून ते पहिल्यांदा नीट रडले.

घरातला पेनड्राइव्ह त्या जुन्या मशीनला दिसेचना. मी म्हटलं, उद्या शाळेतून येताना बाहेरून जोडायची चांगली हार्ड डिस्क घेऊन येते. मोबाइलने पडद्याचाच फोटो काढून घ्यावा हे काही सुचलं नाही. कशाला सुचेल? फोटो तर समोर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने भाऊ आला. त्याचं नागपुरात काही काम होतं, त्यातच काकूंनाही भेटणार होता. मी निघता निघता त्याला बजावलं, "कंप्युटरला हात लावू नको. फोटो आत आहेत. मी हार्ड डिस्क घेऊन येतेय."

"हो हो," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

मी परत आले तर कंप्युटर सुरू होता. पडद्यावर दुकानात असतं तसं कोरं, चकचकीत चित्र. भाऊ समोर चहा पीत बसला होता.

"घे, केला चालू. एकदम नवा," तो म्हणाला. "डिस्कबिस्कची गरजच नव्हती. या मशीनच्या आतच रिकव्हरी असते. सुरू करताना एक बटण दाबायचं, सगळं पहिल्यासारखं होतं."

"पहिल्यासारखं म्हणजे कधीसारखं?"

त्याने कप खाली ठेवला. "म्हणजे... विकत घेतला तेव्हासारखं."

बाबा पलंगाच्या कडेवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "मी म्हटलं होतं त्याले," ते हळूच म्हणाले, "तिले येऊ दे म्हून."

"सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं मशीनने विचारलं असेल ना तुला?" मी भावाला म्हटलं.

"विचारतंच गं ते. नेहमीच विचारतं. कोण वाचतं?" आणि मग जरा चिडून, "मी दिवसभर हेच काम करतो. मला वाटलं, तू फोटो काढून घेतले असशील. क्लाउडवर ठेवायला हवे होते खरं तर."

लहानपणी तो 'मले' म्हणायचा. पुण्याला गेल्यावर वर्षभरात 'मला' झाला. त्या दिवशी त्याचा तो स्वच्छ 'मला' ऐकून मला शिसारी आली. मी काही बोलणार तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. काकूच होत्या. फ्रेमवाल्याने फोटो मागितला होता.

बाबांनी भावाकडे पाहिलं. भाऊ कपाकडे पाहत होता.

"वहिनी, फोटो गेले जी," बाबा म्हणाले. "सारेच गेले. माझ्याच हातून गेले. चुकीचं बटन दाबल्या गेलं. म्हातारा झालो ना आता."

पलीकडून काकू काहीतरी बोलल्या. बाबा 'हो, हो' म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता तरी भाऊ तोंड उघडेल. तो उठला, कप सिंकमध्ये ठेवला आणि म्हणाला, "मी पाच मिनिटांत आवरतो. जेवायला काय आहे?"

तो पुण्याला परत गेल्यावर मी कंप्युटरची हार्ड डिस्क काढून डेटा परत मिळवून देणाऱ्या एका दुकानात नेली. मिळालं ते त्यांनी दिलं. अर्धे अर्धे फोटो. वर गणपतीचा मुकुट, खाली करडा पट्टा. कोणाचे पाय. एका बारशात पाळण्याची दोरी तेवढी. बाबांनी ते सगळे चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिले आणि प्रत्येक पाय कोणाचा ते मला सांगितलं. काका त्यात नव्हते.

तेरवीला आम्ही दोघं खापरखेड्याला गेलो. फ्रेममध्ये आधार कार्डाचा फोटो मोठा करून लावला होता. डोळे ताणलेले, ओठ घट्ट मिटलेले, चेहऱ्यावर ठिपके ठिपके. काकू बाबांजवळ येऊन बसल्या. ज्या बाईने नवरा गमावला होता, ती माझ्या बापाची समजूत घालत होती. "मनाले लावून घेऊ नका भाऊजी. होते असं. वय झालं आपलं."

बाबांच्या वेळचे बरेच लोक आले होते. एकाने विचारलं, "मग आमचे बी गेले का गा?"

"सगळ्याइचेच गेले," बाबा म्हणाले.

"आपल्यासारख्यानं मशीनच्या नादी लागूच नाही," दुसरा म्हणाला आणि दोघेतिघे हसले. बाबाही हसले. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बाबांची सारी नोकरी बटणांसमोर गेली होती. तिथं त्यांच्या हातून चुकीचं बटण दाबलं गेल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्याच लोकांसमोर ते आता हे ऐकून घेत होते. मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटं उचलायला गेले.

महिन्याभराने भावाने कुरिअरने टॅब पाठवला. त्याची काच हाताला गार लागते म्हणून बाबा तो उघडत नाहीत. मग हिवाळ्यात काटोलला चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, त्याला भाऊ बायकोमुलांना घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर कोणीतरी कॉलनीच्या जुन्या फोटोंचा विषय काढला. भाऊ हसत म्हणाला, "ते फोटो? बाबांनी एका बटणात उडवले सगळे. म्हणून तर त्यांना टॅब घेऊन दिला. आता काहीही दाबा म्हटलं, काही बिघडत नाही."

सगळे हसले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो खोटं बोलत असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला खरंच तसं आठवत होतं. बाबांनी त्याला दिलेली गोष्ट त्याने केव्हाच खरी करून टाकली होती. बाबा खाली मान घालून बुंदी खात राहिले. "हो ना," एवढंच म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. "काहून बोलले नाही बाबा? चारचौघांत तो तुमच्यावर हसून राहिला होता."

बाबांनी खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाले, "तो वर्षातून एकडाव येते. त्या दिवशी बोललो असतो, त तेही बंद झालं असतं."

"अन् मी? मी रोज तुमच्यासमोर असते. माझ्या हातून फोटो गेले असते तर?"

"तू काय," ते म्हणाले, "तू त घरचीच आहे."

त्यांना वाटलं असणार, आपण काही चांगलंच बोललो. थोड्या वेळाने त्यांना डुलकी लागली. नागपूर जवळ आलं, फेटरीच्या आसपास बस रिकामी व्हायला लागली होती. मी त्यांच्या पायाशी ठेवलेली लग्नाच्या बुंदीची पिशवी सांडू नये म्हणून मांडीवर घेतली.

मी भावाला अजूनही फोन करते. बाबांचं बीपी सांगते, औषधं बदलली ते सांगते. फोटोंचा विषय निघाला की कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवते. खोटं बाबा एकदाच बोलले. ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, घरातली बाकीची कामं आली तसंच, कोणी न विचारता.