फोडमास्तरांची शाब्बासकी

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळी गल्ली फोडमास्तर म्हणायची. मास्तरकीशी त्यांचा संबंध एवढाच, की शाळा अर्ध्यात सुटली होती आणि ते मनाला फार लागलं होतं. मग रद्दीवाल्याकडून एक जाडजूड, पाठ निखळलेला शब्दकोश आणला, मशीनच्या जुन्या पट्ट्याने बांधला, आणि सुरू झाली फोडाफोडी.

बिघडलेलं मशीन आलं की ते एकेक स्क्रू काढून पत्र्याच्या झाकणात ओळीने मांडत. शब्दाचंही तेच. आधी पुढचा तुकडा काढायचा, मग मागचा, मधे उरेल तो ओळखीचा वाटतो का बघायचं, अंदाज बांधायचा आणि मगच कोश उघडायचा. घरात कुणालाही अर्थ फुकट मिळत नसे.

"लाकडं फोडणारा नवरा परवडला असता," बायको म्हणायची, "निदान चूल तरी पेटली असती!"

लेक मात्र बापाच्या वरताण. फ्रॉकमधली होती तेव्हा एकदा विचारलं, "बाबा, दुर्लक्ष म्हणजे काय?"

"फोड."

"दुर् म्हणजे वाईट, दुर्गंधीतला. आणि लक्ष म्हणजे लक्षच." पोरीने डोकं खाजवलं. "म्हणजे लक्ष आहे, पण भलतीकडेच!"

मास्तर इतके खूश झाले की विचारू नका. बरोबर अंदाजाला बक्षीस ठरलेलं: दुरुस्त झालेल्या मशीनचं चाक पहिल्यांदा तिने फिरवायचं. पोर त्या चाकासाठी कोश पालथा घालायची.

मोठी झाली, शिकली, लग्न होऊन परगावी गेली. मशीनशेजारचं तिचं स्टूल रिकामं पडलं.

मग एका दुपारी ती आली. एकटीच, हातात भली मोठी बॅग. मास्तर मशीनच्या पोटात डोकं घालून बसलेले. "ये, ये! जावईबापू कुठायत?"

ती स्टुलावर बसली. झाकणातला एक स्क्रू उचलला, परत ठेवला. मग म्हणाली, "बाबा, विभक्त म्हणजे काय हो?"

आता तुम्हीच सांगा, पदवी घेतलेल्या बाईला हा शब्द ठाऊक नसेल? शेजारच्या मांजरीलाही वास आला असता. पण मास्तरांचा चेहरा असा फुलला, जणू फ्रॉकमधली पोरच परत येऊन बसली होती.

"फोड!"

"बाबा, अहो मला..."

"अंहं. आधी फोड. वि म्हणजे?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वेगळं."

"आणि भक्त? देवाचा नव्हे हं!" मास्तर स्वतःच्याच विनोदावर हसले. "भाग आठव, विभाग आठव. सांग अंदाज."

"जे एकत्र होतं आणि आता नाही, ते."

"आता कोश!"

तिने पट्टा सोडला, पान काढलं. हाताला अजून सवय होती. "वेगळा झालेला. तुटून निराळा राहणारा." वाचताना आवाज चिरकला. मास्तरांना वाटलं, पानांची धूळ असेल.

"शाब्बास! विसरली नाहीस. घे, फिरव चाक."

तिने फिरवलं. मशीन झकास चाललं. मग तिने कोश नीट बांधून जागेवर ठेवला आणि बॅग उचलली. "निघते बाबा. गाडी आहे."

थोड्या वेळाने बायको चहाचे तीन कप घेऊन आतून आली. "लेकीचा आवाज आला ना? कुठंय?"

"गेली. काय हुशार आहे गं अजून! विभक्त बरोब्बर फोडला."

बायकोने ट्रे जिथल्या तिथे टेकवला. "विभक्त? आणि बॅग होती का हातात?"

"होती. मोठी होती चांगली."

"अहो, ती काय शब्द विचारायला आली होती?"

मास्तर चपला न घालता स्टँडपर्यंत पळाले. गाडी सुटलेली होती.

पुढे सगळं कळलं, पण बायकोकडून, तुकड्यातुकड्याने. लेकीने वेगळी खोली घेतली, नोकरी धरली. ती येते, हसते, बाबांच्या गोळ्यांची चौकशी करते. मनातलं मात्र आईच्याच कानात. हल्ली कुणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर मास्तर फोड म्हणत नाहीत. आधी त्याच्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "का रे, काय झालं?" गल्लीला वाटतं, मास्तर म्हातारे झाले.

परवा तिचा फोन आला. मास्तरांनी झडप घालून उचलला. "बरी आहेस ना गं?"

"बरी म्हणजे काय, बाबा? फोडा बघू."

चेष्टाच होती हो. लेकीने बापाची करायची तेवढीच. पण मास्तरांनी तो शब्द पुढून पाहिला, मागून पाहिला. "हा फुटत नाही गं."

"मग कोशात बघा," ती हसत म्हणाली. "आणि आईला द्या फोन."

त्यांनी दिला. पूर्वी फोन देऊन ते सरळ कामाला जाऊन बसायचे. आता दाराला टेकून उभे राहतात आणि बायकोच्या नुसत्या "हं... हं गं..." वरून लेक काय सांगत असेल, त्याचा अंदाज बांधत बसतात.