कटोऱ्याखालचं नाव

सरांनी माझं नाव नखाने खरवडून काढलं. माझ्यासमोर. पाटीवरची पट्टी निघता निघेना, कारण डिंक मी लावला होता, आणि मी लावलेल्या डिंकाने गोदावरीवरचा पूलही जोडता आला असता. सर घामाघूम. आडनाव तर सगळ्यात शेवटी हटलं.

“तुझ्या भल्यासाठीच, बाळा. वातावरण बघतेस ना?”

कॉलेजच्या संग्रहालयात इस्लामी कलेचं प्रदर्शन आम्ही सहा विद्यार्थ्यांनी मांडलं होतं. जुन्या फरशा, हस्तलिखितांची पानं, एक कलमदान. आणि मधल्या काचेच्या पेटीत आमच्या घरचा तांब्याचा कटोरा. आतून मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत कुराणातल्या आयती कोरलेल्या. किती जुना? अब्बा म्हणतात दोनशे वर्षं, त्यांची बहीण, माझी फुफू, म्हणते चारशे, मला विचाराल तर आधी कटोरा झाला, मग नाशिक. जुन्या नाशकात कुणाचंही पोर तापलं की त्यातून पाणी पाजायचे. मखमलाबादचे फूलवालेही मागून न्यायचे. नियम एकच. ज्याने नेला, त्यानेच स्वतःच्या हाताने परत आणायचा.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी दोन माणसं आली होती. एकही वस्तू पाहिली नाही. फक्त पाट्या वाचल्या. माझ्या नावाशी थांबली, फोटो काढला, गेली. बोलली काहीच नाहीत. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर सरांचं नख. पाटीवर उरलं, ‘खासगी संग्रह’. मांडणी करणाऱ्यांच्या फलकावर पाच नावं.

“आणि उद्या उद्घाटनाला सरबत तू दे,” सर म्हणाले. “तो स्कार्फ असू दे हं. फोटोत छान दिसतो.”

नाव नको. स्कार्फ हवा.

माझी मैत्रीण प्राची कानात कुजबुजली, “जाऊ दे ना यार. मार्क त्यांच्याच हातात हायेत.” बाकीचे चौघे छताकडे बघत होते. जणू तिथे तारांगण उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरबत दिलं. होय, दिलं. ती दोन माणसं दारापाशी उभी होती, त्यांनाही दिलं. प्रमुख पाहुणे कटोऱ्यावर वाकले. “आत काय लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही साहेब, नक्षी आहे. वेलबुट्टी,” सर हसले.

हातातला ट्रे हत्तीएवढा जड झाला. खाली ठेवला. पेटीची किल्ली माझ्याकडेच होती. नाव काढण्याच्या घाईत सर तेवढी मागायला विसरले होते. कटोरा उचलला आणि वाचलं. मोठ्याने. अर्थासकट. मग म्हटलं, “हा आमच्या घरचा आहे. मी आणला, मीच नेणार.”

“अगं, तमाशा करू नकोस!” सर म्हणाले.

दारातल्या त्या दोघांपैकी एकाने फोन वर धरला. “नाव काय तुझं?”

सांगितलं. अख्खं. अब्बांचं, आडनावासकट. “लिहून देऊ का?” असंही विचारलं.

मार्क गेले. गल्लीच्या तोंडाशी आता रोज संध्याकाळी एक मोटारसायकल उभी असते. इंजिन चालू. एवढं मात्र मी वाढवून सांगत नाही. अम्मी खिडकी लावते. मी उघडते.

कॉलेजातून निरोप आलाय, पेटी रिकामी दिसते, कटोरा पाठव.

पाठवणार नाही. आधी पाटीवर माझं नाव लागेल, माझ्याच हाताने. मग कटोरा. डिंक मी घरूनच आणीन.