चिकूला नख लावून बघ

"नवशानेच नेली मोटर! मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलंय!"

ओरडत होतो मी. बोर्डीच्या आमच्या चिकूच्या वाडीत, ताईच्या पलंगाशी उभा राहून, आणि आवाज असा की पलीकडे गुजरातेत उंबरगावला कुणीतरी दचकून रेडिओ बारीक केला असेल. विहिरीवरची मोटर नाहीशी झाली होती. माझ्यामागे शेजारचे दोन वाडीवाले बाह्या सरसावून उभे, पोलीस ठाण्यात जायला तयार. नवशा हा उधव्याचा, तिकडच्या आदिवासी पाड्यावरचा, वीस वर्षं आमचे चिकू उतरवणारा. आणि ताई म्हणजे माझी थोरली बहीण, गावातल्या दोन पिढ्यांना गणित शिकवून निवृत्त झालेली. तिला जाऊन आता सहा आठवडे झाले, पण आठवते ती त्या संध्याकाळची, नाकात ऑक्सिजनची नळी आणि नजर तीच, वर्गातली...

तिने टोपलीतला एक चिकू माझ्या हातात दिला. "बाळू, कसा आहे?"

"तयार आहे. मस्त तपकिरी."

"नख लाव."

लावलं. सालीखाली हिरवागार. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, चिकू कच्चा असो की तयार, वरून सारखाच दिसतो, ओरखडा काढल्याशिवाय कळत नाही. साठी उलटलेला मी मात्र रंगावर गेलो होतो.

"आता सांग, पाहिलंस काय?"

"तीन दिवसांमागे, नवशा गोणी घेऊन फाटकाबाहेर जाताना."

"तोंड पाहिलंस?"

"पाठ पाहिली."

"गोणीत काय होतं?"

"मोटरच असणार."

"असणार हे कुठून दिसलं तुला?" मागे एक वाडीवाला हसला. मी चिडलो. म्हटलं, ताई, उधव्याची माणसं ती, त्यांचं काय सांगावं. ती शांतपणे म्हणाली, "मोटर विहिरीवर नाही, एवढं खरं. नवशाने नेली, हे तुझं मत. आणि उधव्याचं जे बोललास ना, ते मतसुद्धा नाही. ती तुला लागलेली सवय आहे." मग दम खाऊन, "मोटर शेवटची कुणी चालवली?"

"मीच. जाम घरघरत होती, म्हणून तर मी दुरुस्तीसाठी डहाणूच्या वाइंडिंगवाल्याला फोन..."

तिथे माझं तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच, असं ताई म्हणाली असती. फोन लावला, तर तो वाइंडिंगवाला म्हणतो, "तीन दिवस झाले नेऊन, शेठ. तुम्हीच बोलले ना, घरी कोणी नसलं तरी उचल." म्हणजे ती पाठ त्याची होती.

वाडीवाले गुपचूप निघून गेले. पण माझी गोष्ट माझ्यापुढे धावली होती. नवशाला दोन वाड्यांनी येऊ नको म्हणून कळवलं होतं, ऐन हंगामात. ताईने फर्मान काढलं, "जिथे जिथे सांगितलंस, तिथे जाऊन खोडून ये. तेवढ्याच मोठ्या आवाजात." मी तेवीस ठिकाणी गेलो. (ताई असती तर म्हणाली असती, सात.) चहाच्या टपरीवर, मासळी बाजारात, देवळाच्या पायरीवर ओरडून सांगितलं, की मी पाठ पाहिली होती, बाकी सगळं माझ्या पदरचं. लोक हसले. दोन्ही वाड्यांनी नवशाला पुन्हा बोलावणं धाडलं, पण तो कुणाकडेच आला नाही, आमच्याकडेही नाही. एकच ठिकाण उरलं होतं, त्याचं घर. तिथे जायला माझे पाय तयार होईनात. पंधरा दिवसांत ताई गेली. शेवटच्या दिवशीही तिने विचारलं, "उधव्याला जाऊन आलास?" मी छताकडे बघत राहिलो...

गोष्टी रंगवून सांगणं माझ्याच्याने सुटायचं नाही, आणि मी सोडणारही नाही. पण माणसाचं नाव आलं की आता थांबतो. पाहिलं किती, ऐकलं किती, मला वाटलं किती, हे आधी मोठ्याने सांगतो. टपरीवरचे कंटाळतात. कंटाळू देत. मी सांगतच राहणार.

गेल्या आठवड्यात ताईची ती टोपली घेतली, मी स्वतःच्या हाताने उतरवलेले चिकू भरले आणि उधव्याला गेलो. नवशा अंगणात जाळी विणत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, एक शब्द न वाढवता. पाठ पाहिली, नाव तुझं घेतलं, चूक माझी. ताईने पाठवलंय, पण उशीर मी केला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. टोपलीतला एक चिकू उचलला, नख लावलं, बघितलं.

"कच्चेच तोडलेत," तो म्हणाला. "सोमवारी येतो."