ताईचं सोवळं

ताईच्या सोवळ्याचं आमच्या घरात फार कौतुक होतं. आई लवकर गेली, तेव्हापासून स्वयंपाकघर विधवा आत्याच्या ताब्यात. आत्याचं सोवळं कडक. तिचं लुगडं उंच दांडीवर काठीनं वाळत पडायचं आणि काठीनंच खाली यायचं. ताई तिच्या हाताखाली शिकली आणि सतराव्या वर्षी तिच्याही पुढे गेली. वाळत घातलेल्या लुगड्याखालून कुणी गेलं, तरी ते पुन्हा पाण्यात. तांदूळ धुतले की हात, हात धुतले की तांब्या, तांब्या धुतला की परत हात. आत्या आल्यागेल्याला अभिमानानं सांगायची की या वयाची इतकी सोवळी मुलगी पेठेत दुसरी नाही.

घरमालकीणबाई मूळच्या कोडोलीच्या, बोलायला रोखठोक. नळावर घागर भरायला थांबून थांबून कंटाळल्या की बाबांना ऐकवायच्या, "मास्तर, पोरगी तुमची पंचगंगा आटवती बघा एक दिवस." बाबा हसायचे. आम्ही सगळेच हसायचो.

मी ताईहून तीन वर्षांनी लहान. घरात माझी ओळख विसरभोळा अशी होती. शाळेला निघालो की कोपऱ्यावरून परत यायचो, कधी पुस्तक राहिलं म्हणून, कधी टोपी. खरं तर काही राहिलेलं नसायचं. दाराची कडी लागली का हे बघायला मी यायचो. बघायचो, लागलेली असायची, कोपऱ्यापर्यंत गेलो की पुन्हा वाटायचं, नसेल. अंबाबाईच्या देवळात हात जोडले की मनात आपोआप घाणेरड्या शिव्या यायच्या, त्याही देवीलाच. मी डोळे घट्ट मिटून त्या परतवायचो आणि लोकांना वाटायचं, मास्तरांचा मुलगा किती भाविक. आपण वेडे होत चाललोय अशी माझी खात्री होती. वेडा म्हणजे कोण, ते मी बघितलं होतं. रंकाळ्याच्या काठावर एकजण फिरायचा आणि पोरं त्याला खडे मारायची. मीही एकदा मारला होता.

पुढे मलकापूरचं स्थळ आलं. भिक्षुकाचं घर, बारा महिने पूजाअर्चा. मुलाची आई बघायला आली, ती आमच्याकडे मुक्कामालाच राहिली. ताईनं वाढून झाल्यावर हात धुतले, परत धुतले, परत धुतले, आणि त्या बाई आत्याला म्हणाल्या की आम्हाला अशीच हवी होती. हुंड्याचं नावही निघालं नाही. जे तिला खात होतं, त्याच्यावरच तिचं लग्न ठरलं.

चारच दिवसांनी दुपारी आत्या कीर्तनाला गेली होती. ताई मोरीत हात धूत होती आणि मी उंबऱ्यावर. तिनं मान वर न करताच विचारलं, "तू कडी बघायला परत येतोस ना रे?"

मी म्हटलं, पुस्तक राहतं.

"माझे हात स्वच्छ आहेत, हे मला दिसतं. तरी पटत नाही. तुझंही तसंच होतं ना? कडी दिसते, पण पटत नाही."

मग ती जे म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवतं. "हे सोवळं नाही. दुखणं आहे काहीतरी. त्या घरात मी मरेन. मी एकटीनं सांगितलं तर आत्या म्हणेल, लग्न नको म्हणून थेरं करते. तुलाही होतं असं सांगितलंस, तर बाबा ऐकतील. तुझं ते ऐकतात."

बाबांनी ऐकलं असतं. म्हणूनच मला भीती वाटली. मॅट्रिकला मी वर येणार म्हणून ते शाळेभर सांगत होते.

"काहीतरीच काय, ताई," मी म्हणालो. "मला असलं काही होत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं पुन्हा पाणी ओतून घेतलं.

लग्न झालं. वर्षभरानं दिवाळीचा फराळ घेऊन मी मलकापूरला गेलो. सगळं सांगून टाकायचं, असं गाडीत बसताना ठरवलं होतं. ताई न्हाणीघरात होती. तिच्या सासूबाई माझ्यापुढे बसल्या आणि कौतुकाचं काय झालं ते मला कळलं. नैवेद्याला दुपार होते, विहीर उपसली जाते, मुलगा उपाशी बसतो. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "खरं सांगा, माहेरी होतं का हो असं?"

न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला होता.

"नाही," मी म्हणालो. "माहेरी काही नव्हतं."

ताईनं मला वाढलं. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यांत रक्त होतं. निघताना सासूबाई आत गेल्या, तेवढ्यात ती ओसरीवर आली.

"आता येत जाऊ नकोस," ती म्हणाली. "तू आलास की मला जास्त एकटं वाटतं."

आता त्या दुखण्याला नाव आहे. पन्नाशी जवळ आल्यावर एका डॉक्टरांसमोर बसून मी माझं सगळं सांगितलं, कडी, देऊळ, शिव्या, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, असे पुष्कळ जण असतात. घरात आणखी कुणाला होतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. ते ऐकायला ताई नव्हती. ती जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मलकापूरला मी पुन्हा गेलो नाही. बहिणीनंच नको सांगितलंय, असं बाबांना, आत्याला आणि पुढे बायकोलाही सांगत राहिलो, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशी परतीच्या गाडीत मला वाईट वाटलं नव्हतं, सुटल्यासारखं वाटलं होतं. मी गाडीत झोपलो. कोल्हापूर येईपर्यंत मला गाढ झोप लागली होती.